आठव्या नंबरचा गायक

अल नहदा, शारजा
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय सिसिलियाताई,

ताजी बातमी आधी. यंदाचा, म्हणजे पंचविसावा ‘बेस्ट मेल कंट्री सिंगर’ पुरस्कार शुक्रवार १४ नोव्हेंबरला. हॉल मिळाला, परवानगीही आली. काल मासनंतर गॅविनने स्वतः सांगितलं. अध्यक्षाच्या तोंडून आलं म्हणजे पक्कं. आजवरचे जे विजेते इथे आहेत त्या सगळ्यांना स्टेजवर रांगेत उभं करायचं, असंही ठरलंय.

आता माझी अडचण. स्मरणिकेत पुरस्काराचा इतिहास द्यायचाय आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. "तू हमरियात डॉक्युमेंट कंट्रोलर आहेस, कागद सांभाळणं तुझंच काम," म्हणे गॅविन. पण कागद आहेत कुठे? तू अकरा वर्षं सेक्रेटरी होतीस. २०१४ला निर्मळला परत गेलीस आणि आपल्या वसईकर मंडळींच्या सर्कलचा इतिहासही तुझ्याबरोबर गेला.

माझ्याकडे जमलंय ते असं. १९९९मध्ये शारजाच्या रोला भागातल्या एका बॅचलर फ्लॅटमध्ये नऊ वसईकरांनी गिटार घेऊन सुरुवात केली. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात कंट्रीची इंग्रजी गाणी गायल्याशिवाय जेवण सुरू होत नाही, त्यांना इथे करमेना. फ्लॅटमध्ये पुरुषच राहत होते, म्हणून बक्षीस पुरुषांचं. पहिली चार वर्षं टाळ्यांवर निकाल. २००२ला वसईतल्या गास गावच्यांनी दोन बस भरून टाळ्या आणल्या आणि भांडण झालं. २००३पासून पडद्यामागून गायचं, परीक्षक बाहेरचे. २०१२ला बायकांसाठी वेगळा पुरस्कार. २०२० आणि २०२१ कोरोनामुळे काही नाही.

तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. एक, पडद्याची कल्पना नक्की कुणाची? दोन, २००५चे परीक्षक कोण होते? तीन, २००८ला अजानसाठी कार्यक्रम थांबवला होता, त्यानंतर पडद्यामागे काहीतरी गोंधळ झाला होता ना? तुला ते नीट आठवत असणार. मी जिंकलो तेच वर्ष आहे, तेव्हा थोडं खरं, थोडं गमतीचं लिहावं म्हणतो.

मजकूर २५ तारखेला प्रेसला जायचाय. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट नको, लिहून पाठव.

तुझा आतेभाऊ,
वॉल्टर


१३ ऑक्टोबर २०२५

सिसिलियाताई,

आठवडा झाला. तू तर आलेल्या मेलला दुपारच्या आत उत्तर देणारी बाई. तब्येत बरी आहे ना? सुजाता म्हणते फोन कर. मी दोनदा केला, तू उचलला नाहीस. बाकी वर्षं लिहून झाली. २००८ची जागा मोकळी ठेवलीये आणि रोज ऑफिसमधून आलो की ते पान उघडून बसतो. ॲमंडा म्हणते, "डॅड, यू वन दॅट इयर, जस्ट राइट दॅट." तिला काय सांगणार?

वॉल्टर


निर्मळ, वसई
१५ ऑक्टोबर २०२५

प्रिय वॉल्टर,

तब्येत चांगली आहे. फोन मुद्दाम उचलला नाही. तुझं पहिलं पत्र वाचलं आणि समजले की तुला कळलंय. थोडं खरं, थोडं गमतीचं असं लिहून तू मला वाट करून दिलीस. सरळ विचारलं असतंस तर मी कदाचित टाळलंही असतं. तू मनाचा मोठेपणा दाखवलास, तर मीही आता लपवत नाही.

त्या शुक्रवारी चिठ्ठ्या काढल्या तेव्हा हमीदला सात नंबर आला आणि तुला आठ. हमीद म्हणजे अबू धाबीजवळच्या मुसफ्फाहून आपल्या गायकांना कंपनीच्या बसमधून घेऊन येणारा रत्नागिरीचा ड्रायव्हर. पाच वर्षं तो हॉलच्या मागच्या दाराशी उभा राहून ऐकायचा. त्या वर्षी त्याने पहिल्यांदा नाव दिलं. गॅविन कुरकुरला होता, पण नियमात वसईचाच हवा असं कुठेच नव्हतं. नियम मीच लिहिले होते.

सहावं गाणं संपलं आणि मगरीबची अजान झाली. आपण माइक बंद केले. हमीद नमाजला गेला, मला सांगून गेला. अजान संपून दहा मिनिटं झाली तरी तो आला नव्हता. परीक्षक घड्याळ बघायला लागले, हॉल नऊपर्यंतच मिळाला होता. मी तुला म्हटलं, "वॉल्टर, तू जा." तू गेलास. हमीद धावत आला आणि तुझ्यानंतर गायला.

परीक्षकांना नाव नाही, चेहरा नाही. घंटी वाजली की ते पुढच्या नंबरचा कागद उलटायचे, एवढंच. म्हणजे त्यांच्या लेखी तू सात आणि हमीद आठ. मी चिठ्ठी लिहिली, ‘सात-आठची अदलाबदल’. ती त्यांच्या टेबलावर द्यायला निघाले आणि तेवढ्यात बिर्याणीवाला खाली येऊन उभा. चिठ्ठी पर्समध्ये गेली. निकाल आठ नंबर. रजिस्टरमध्ये आठसमोर तुझं नाव.

चिठ्ठी मला पुढच्या बुधवारी सापडली.

पडद्याची कल्पना माझी होती. बायकांसाठी बक्षीस नव्हतं, पण पडदा बायकांनीच शिवला, हेही इतिहासात घाल. २००५ला एका हॉटेलच्या बँडमधला फिलिपिनो गायक आणि केरळच्या क्वायर टीचर होत्या.

तुला हे आधीच सांगायला हवं होतं.

सिसिलिया


अल नहदा
१६ ऑक्टोबर २०२५

ताई,

मला काहीही कळलं नव्हतं.

मी फक्त गंमत विचारली होती. मला वाटलं होतं, अजानच्या वेळी कुणाची तरी गिटारची तार तुटली वगैरे लिहिशील. तुझं पत्र मी ऑफिसच्या बसमध्ये वाचलं. हमरिया आलं, सगळे उतरले, मी बसूनच. ड्रायव्हर म्हणाला, "सर, यल्ला, उतरा."

सतरा वर्षं, ताई. कुणाच्या बारशाला गेलो तरी ओळख करून देताना म्हणतात, हा वॉल्टर, दोन हजार आठचा विनर. माझ्याकडे दुसरं काय आहे सांगण्यासारखं? प्रमोशन दोनदा हुकलं, घर अजून भाड्याचंच. तो एक कप टीव्हीशेजारी आहे आणि तो पुसायचं काम मी सुजाताला पण करू देत नाही.

तुझी खात्री आहे? चिठ्ठी आहे का अजून? आणि बुधवारी सापडली तर गुरुवारी का नाही बोललीस?

आज १६. मजकूर २५ला जायचाय.

वॉल्टर


निर्मळ
१८ ऑक्टोबर २०२५

वॉल्टर,

म्हणजे मी तुझं पत्र चुकीचं वाचलं. पण आता लिहिलेलं परत घेता येत नाही, आणि घ्यायची इच्छाही नाही.

चिठ्ठी नाही. फाडून टाकली. खात्री आहे.

गुरुवारी बोलले होते, गॅविनशी. तेव्हाही तोच अध्यक्ष. तो म्हणाला, "सिसिलिया, कप दिला, फोटो झाले, पेपरात आलं. आता वॉल्टरच्या घरून कप काढून ड्रायव्हरला नेऊन देतेस? खलास." मी त्याच्याशी वाद घातला नाही. खरं कारण सांगते. चूक माझी होती आणि पडदा मीच आणला होता. पडद्यामुळे घोटाळा झाला असं कळलं असतं तर लोक परत टाळ्यांवर गेले असते. तुझी दया आली म्हणून गप्प बसले असं तुला वाटत असेल, तर तसं नव्हतं.

हमीदने नंतर कधीच नाव दिलं नाही. दोन वर्षं बस घेऊन आला, पण आत यायचा नाही, पार्किंगमध्येच बसायचा.

काय छापायचं ते तू ठरव. माझं नाव घालून छापलंस तरी चालेल. सही लागली तर स्कॅन करून पाठवते. मात्र आधी हमीदला भेट. तो कुठे आहे ते मुसफ्फातल्या मेल्विनला माहीत असेल.

सिसिलिया


अल नहदा
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय सिसिलियाताई,

सुटलो.

हमीद अल नहदातच राहतो, माझ्या टॉवरपासून चौथ्या. मेल्विनने नंबर दिला. आता तो एका शाळेच्या बसेसचा ट्रान्सपोर्ट सुपरवायझर आहे, दाढी पांढरी झालीये. काल सुजाताला घेऊन गेलो. मिठाई नेली होती. त्याची बायको मैमुनाबी, कॉलेजला जाणारी मुलगी कशफ, सगळी घरातच होती. चहा झाला, सांदणं झाली.

"वॉल्टरभाय, इतक्या वर्षांनी! आम्ही एकाच कॅरफोरमध्ये जातो बहुतेक."

"तुम्ही ट्रॉली ढकलत असाल, हे नुसते मागे चालतात," सुजाता म्हणाली. सगळे हसले.

मग मी विषय काढला. सांगितलं, इतिहास लिहितोय, २००८चा क्रम नक्की करायचाय. म्हटलं, "हमीदभाई, अजाननंतर आधी तुम्ही गायलात, मग मी, बरोबर ना? तुमचा सात होता, माझा आठ."

त्याने माझ्या बशीत आणखी एक सांदण वाढलं. मग म्हणाला, "हां, सात माझा. आधी मीच असणार."

"नक्की? नमाजहून यायला उशीर नाही झाला?"

"अरे मशीद समोरच होती. वेळेवर आलो असेन. छोडो ना, इतकी जुनी गोष्ट. तुम्ही चांगले गायलात, तुम्हाला मिळालं."

कशफ मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "पप्पा, यू सँग? ऑन अ स्टेज?" तिला ठाऊकच नव्हतं. तो हसला, म्हणाला, "वन टाइम. पडद्याच्या मागे. कोणी पाहिलं नाही."

तर ताई, ज्याचं नुकसान झालं असं तू म्हणतेस तोच सांगतोय की क्रम बरोबर होता. तुझी आठवण चांगली असेल, पण सतरा वर्षांत माणूस दोन कार्यक्रमांची सरमिसळ करतो. मी रागावलो नाही. उलट तूच आता मनावरचं ओझं उतरव.

पान आज संध्याकाळी प्रेसला पाठवलं, मुदतीच्या एक दिवस आधी. २००८समोर माझं नाव. १४ तारखेला स्टेजवर उभं राहायला नवीन ब्लेझर शिवायला टाकलाय.

तुझा,
वॉल्टर


निर्मळ
२६ ऑक्टोबर २०२५

वॉल्टर,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तू चांगलं लिहितोस, सगळं जसंच्या तसं. म्हणून तुझ्याच पत्रातून विचारते.

तू त्याच्या घरी बायकोला घेऊन गेलास, मिठाई नेलीस, त्यांची सांदणं खाल्लीस. मग त्याच्या मुलीसमोर म्हणालास, आधी तुम्ही, मग मी, बरोबर ना? वॉल्टर, उत्तर तर तूच त्याच्या हातात ठेवलंस. घरी आलेल्या पाहुण्याला कोकणातला माणूस ‘नाही, तुझा कप खोटा’ असं म्हणेल?

तो ‘असणार’ म्हणाला. ‘असेन’ म्हणाला. तू ते प्रामाणिकपणे लिहिलंस आणि मग वाचलं नाहीस.

आणि हमीद त्या दिवशी मशिदीत गेलाच नव्हता. हॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये बसच्या आडोशाला चटई टाकून नमाज पढला, कारण बसची किल्ली त्याच्याकडे होती आणि बस सोडून जायची त्याला परवानगी नव्हती. मला दरवाजातून दिसत होता. तुला ‘मशीद समोरच होती’ असं सांगून त्याने तुझी सुटका केली.

मला एकच विचारायचंय. माझी आठवण बाजूला ठेव, त्याचीही ठेव. त्या संध्याकाळी तू स्वतः कुठे उभा होतास? गाणं झाल्यावर तू काय केलंस?

याचं उत्तर मला नाही पाठवलंस तरी चालेल.

सिसिलिया


अल नहदा
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय सिसिलियाताई,

सोळा दिवस लिहिलं नाही. तू फोनही केला नाहीस, ते बरं केलंस.

उत्तर देतो. गाणं झाल्यावर मी पडद्याच्या कडेला उभा होतो, हातात पाण्याची बाटली. गिटार परत खोक्यात ठेवायची होती. तेवढ्यात हमीद आला, कपाळावर घाम, शर्टाच्या बाह्या अजून दुमडलेल्या. तो गायला लागला आणि मी बाटली उघडायची विसरलो. आवाज खाली गेला की जमिनीतून आल्यासारखा वाटायचा आणि कुठेही जोर लावलेला नाही. दुसऱ्या कडव्याला मला कळलं की मी हरलोय. तेव्हा वाईटही वाटलं नाही, इतकं ते गाणं चांगलं होतं.

मग आठ नंबर पुकारला. माझ्या हातात आठचं कार्ड होतं. तू ढकललंस, मेल्विनने खांद्यावर उचललं. मी स्वतःला सांगितलं की परीक्षकांना जास्त कळतं. ते मी इतक्या वेळा सांगितलं की खरं वाटायला लागलं. तुझी चिठ्ठी मला माहीत नव्हती, हे खरं. पण आधी मी गायलो होतो हे माहीत होतं. तो माझ्यानंतर गायला नसता तर माझं गाणं संपवून, बाटली हातात घेऊन मी त्याला ऐकलं कसं असतं?

२७ तारखेला प्रेसला फोन केला. पान छापायला लागायचं होतं. थांबवलं. मग चार दिवस काहीच केलं नाही. ऑफिसमध्ये फाइल्स चुकीच्या फोल्डरमध्ये टाकल्या, मॅनेजरने विचारलं, घरी सगळं ठीक? शुक्रवारी, ३१ला, एकटाच हमीदकडे गेलो. मिठाई नेली नाही.

दारातच म्हटलं, "हमीदभाई, मी आधी गायलो होतो. मग तुम्ही. मी कडेला उभं राहून ऐकलं. कप तुमचा आहे."

त्याने नुसतं दार पूर्ण उघडलं. आतून मैमुनाबी म्हणाल्या, "आता तरी बोला ना."

"काय बोलू?"

"मी सांगते. त्या रात्री रत्नागिरीला फोन आला यांचा. मी विचारलं, मिळालं का? म्हणाले, नाही, माझ्या आधी जो गायला त्याला मिळालं. ‘माझ्या आधी’ म्हणाले होते. मला अजून कानात आहे. मग विचारलं, परत कधी? तर म्हणाले, आपला आवाज समुद्रावर हाका मारायचा, ह्यांच्या गाण्याला चालत नाही. त्या दिवसापासून घरात गुणगुणणंसुद्धा बंद."

मी म्हटलं, "मग गेल्या आठवड्यात असं का सांगितलंत?"

हमीद हसला. "तू तुझ्या बायकोसमोर विचारलंस, माझ्या पोरीसमोर विचारलंस. मी नाही म्हटलं असतं तर तू घरी जाऊन काय केलं असतंस? रोज त्याच सिग्नलला भेटायचंय आपल्याला. आणि खरं सांगू, मला वाटलं तुला माहीत आहे. तू फक्त परवानगी मागायला आलास."

कशफने पाणी आणून दिलं. "अंकल, सो ही ॲक्चुअली वन?" मी म्हटलं, "येस." तिने बापाकडे असं पाहिलं, की ते बघताना मलाच संकोच झाला.

घरी येऊन सुजाता आणि ॲमंडाला समोर बसवून सांगितलं. सुजाताने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "त्या दिवशी तू शेवटचं सांदण बशीत तसंच ठेवलंस. मला वाटलं शुगर." ॲमंडा म्हणाली, "आर यू ओके, डॅड?" आणि माझ्याशेजारी येऊन बसली. एवढंच.

१ तारखेला नवीन पान पाठवलं. त्यात असं आहे: ‘२००८ – हमीद मुकादम, रत्नागिरी व मुसफ्फा. निकाल जाहीर करताना क्रमाच्या चुकीमुळे हा पुरस्कार वॉल्टर यांना देण्यात आला. तत्कालीन सेक्रेटरी सिसिलिया यांनी ही माहिती दिली असून वॉल्टर यांनी ती खरी असल्याचं सांगितलं आहे.’ तुझी सही छापली नाही. तुझं नाव पुरेसं आहे.

काल चारशे प्रती प्रेसमधून आल्या. गॅविनने पहिली उघडली आणि तिथेच, माझ्या कारच्या डिकीशी उभा राहून वाचली.

"वॉल्टर, तुला हिस्टरी लिहायला सांगितली होती. बदलायला नाही."

"बदलली ती तेव्हा. आता लिहिली."

"चारशे कॉपीज! कमिटीला विचारलंस?"

"तुला सिसिलियाने विचारलं होतं. तेव्हा तू कमिटीला विचारलंस?"

त्याने प्रत परत खोक्यात टाकली आणि गाडीत बसून निघून गेला. रात्री कमिटीच्या ग्रुपवर चर्चा झाली. दोघे म्हणाले पान फाडा. ॲशले म्हणाला, पंचविसाव्या वर्षी फाटकी स्मरणिका वाटणार का? मेल्विन म्हणाला, हमीदच्या बसमधून पाच वर्षं फुकट आलो, मी फाडणार नाही. गॅविनने काहीच लिहिलं नाही. पण आज दुपारी त्याचा मेसेज आला: ‘प्रोग्राम ॲज प्लॅन्ड.’

म्हणजे शुक्रवारी असं होणार. विजेत्यांची नावं गॅविन स्टेजवरून वाचणार आणि तो दर वर्षी वाचतो ती स्मरणिकेतूनच. २००७ला मेल्विन उभा राहील, २००९ला ॲशले. मधलं नाव तो वाचतो की गाळून पुढे जातो, हे मला माहीत नाही. त्यालाही अजून माहीत नसावं. मी खाली तिसऱ्या रांगेत बसणार आहे, सुजाता आणि ॲमंडाबरोबर. ब्लेझर शिवून आलाय, तो घालूनच.

हमीदला मी स्टेजवर यायला सांगितलंय, पण तो अजून येतो म्हणत नाही. म्हणतो, शुक्रवारी दोन बसेसची सर्व्हिसिंग आहे. पण कशफचा मेसेज आला आहे की गेल्या मंगळवारपासून पप्पा पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर काचा वर करून वीस-वीस मिनिटं आत बसून असतात आणि ओठ हलताना दिसतात. मैमुनाबींनी सुजाताला फोनवर सांगितलं, तो नाहीच म्हणतोय, मात्र पांढरा शर्ट सकाळी स्वतःच खाली इस्त्रीला देऊन आला.

वॉल्टर